ख्रिस्तपुराण, ख्रिस्तायन आणि बायबलचें वाङ्मयीन वाचन

पंचवटींत येणाऱ्या यात्रेकरूस रामकथा ठाऊक असते. परंतु ती त्यानें वाल्मीकीच्या मूळ श्लोकांतून घेतलेली असते असें क्वचितच आढळतें. नाथांचें भावार्थरामायण, श्रीधरांचा रामविजय, हरिदासांचें आख्यान, वडीलधाऱ्यांच्या तोंडची गोष्ट, अशा वाटांनीं ती त्याच्यापर्यंत पोंचलेली असते. मूळ ग्रंथ आणि लोकांच्या ओळखीचा ग्रंथ यांमधील हें अंतर मोजणें हें संशोधकाचें काम. रामकथेच्या बाबतींत आम्ही तें आनंदानें करतों. दुसऱ्या एका कथेच्या बाबतींत मात्र आम्हीं त्याकडे पाठ फिरविली आहे, आणि तिचा माग काढावयाचा तर नाशिक सोडून फार दूर जावें लागत नाहीं.

पंचवटीहून गोदावरी ओलांडून शहराच्या पश्चिम अंगास गेलें म्हणजे शरणपूर लागतें. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास मिशनऱ्यांनीं वसविलेली ही ख्रिस्ती वस्ती. रेव्हरंड नारायण वामन टिळक यांचें शिक्षण नाशकांत झालें. लक्ष्मीबाईंचें माहेर जवळच्याच जलालपुरास. आणि लक्ष्मीबाईंचीं अखेरचीं वर्षेंहि नाशकांतच गेलीं. या दांपत्यानें बायबलांतील ख्रिस्तचरित्र ओवींत उतरविलें आणि त्यास नांव दिलें ‘ख्रिस्तायन’. रामायणाच्या भूमीशीं नातें सांगणारें हें नांव सहज सुचलेलें असो वा योजलेलें असो, त्यांत एक वाङ्मयीन निर्णय आहे. बायबल मराठींत आणावयाचें तर तें कोणत्या घाटांत आणावें, या प्रश्नाचें तें उत्तर आहे. हाच प्रश्न तीन शतकांपूर्वीं गोमंतकांत थॉमस स्टीफन्स यानें सोडविला होता. या दोन ओवीग्रंथांच्या निमित्तानें बायबलच्या अभ्यासाची ओळख पोथीसंग्राहक वाचकांस करून द्यावी, आणि त्या अभ्यासाच्या कसोटीवर हे दोन ग्रंथ घांसून पाहावे, असें आम्हीं योजिलें आहे.

प्रथम एक गैरसमज दूर केला पाहिजे. बायबल हा एक ग्रंथ नव्हे. तो ग्रंथसंग्रह आहे. ज्या ग्रीक शब्दावरून हें नांव आलें त्याचा अर्थच मुळीं ‘पुस्तकें’ असा अनेकवचनी आहे. ज्यास ख्रिस्ती लोक जुना करार म्हणतात तो यहुदी लोकांचा मूळ धर्मग्रंथसंग्रह. त्याची भाषा हिब्रू असून कांहीं थोडा भाग अरामी भाषेंत आहे. यहुदी गणनेप्रमाणें त्यांत २४ पुस्तकें येतात. प्रॉटेस्टंट पंथ तींच निराळ्या रीतीनें विभागून ३९ मोजतो. रोमन कॅथॉलिक पंथ आणखी कांहीं ग्रंथ व भाग स्वीकारून ४६ पुस्तकें मानतो. नव्या कराराचीं २७ पुस्तकें ग्रीक भाषेंत आहेत. एवढ्यावरूनच दिसेल कीं, कोणतें पुस्तक आंत व कोणतें बाहेर हा वाद येथेंहि आहे. एखाद्या संताच्या गाथेंतील अस्सल अभंग कोणते याची चर्चा ज्यांनीं केली आहे त्यांस तो परका वाटूं नये.

या संग्रहांत वाङ्मयाचे प्रकार किती निरनिराळे आहेत पाहावें. वंशावळी आहेत, राजांच्या कारकीर्दींचीं बखरीसारखीं वृत्तें आहेत, धर्मशास्त्राचे विधि आहेत, १५० स्तोत्रें आहेत, नीतिसूत्रें आहेत. ‘रूथ’ ही एका परदेशी सुनेची छोटीशी कथा आहे. ‘गीतरत्न’ हें शृंगारकाव्य आहे. ‘ईयोब’ हा निरपराध मनुष्याच्या दुःखावरील पद्य संवाद आहे. आणि नव्या करारांतील २७ पैकीं २१ पुस्तकें तर पत्रांच्या रूपाचीं आहेत. पत्र हें पत्र म्हणून वाचावें, तें कोणी, कोणास, कोणत्या प्रसंगीं लिहिलें हें आधीं ठरवावें, हें ज्यांनीं पेशवे दफ्तराचे रुमाल सोडले त्यांस सांगावयास नको. वंशावळ वाचण्याची दृष्टि स्तोत्रास लावली, किंवा स्तोत्राची दृष्टि बखरीस लावली, तर दोन्ही ठिकाणीं फसगत होते. बायबलच्या वाङ्मयीन अभ्यासाचा पहिला पाठ हाच.

दुसरा पाठ पाठचिकित्सेचा. हिब्रू ग्रंथांचे परंपरागत नकलकार अक्षरें मोजून ठेवीत, समासांत टिपा देत. आणि परंपरेनें आलेला एखादा शब्द चुकीचा वाटला तरी तो न बदलतां ‘लिहिलेला पाठ’ असा व ‘वाचावयाचा पाठ’ असा, दोन्ही जपत. वेदांच्या पदपाठाची व क्रमपाठाची व्यवस्था ज्यांस ठाऊक आहे ते या निष्ठेची योग्यता जाणतील. या परंपरेची सर्वांत जुनी संपूर्ण प्रत इ. स. १००८ च्या सुमाराची. १९४७ पासून मृत समुद्राच्या कांठीं कुमरान येथील गुहांतून जुन्या गुंडाळ्या मिळूं लागल्या. त्यांत यशया या संदेष्ट्याच्या ग्रंथाची एक जवळजवळ संपूर्ण गुंडाळी आहे. ती वरील प्रतीहून सुमारें हजार वर्षांनीं अधिक जुनी. ताडून पाहतां पुष्कळ ठिकाणीं आश्चर्यकारक मेळ आढळला, आणि कांहीं ठिकाणीं अर्थ बदलणारे पाठभेदहि आढळले. परंपरेवर सरसकट अविश्वास व परंपरेवर डोळे मिटून विश्वास, या दोन्ही वृत्तींस एकाच गुंडाळीनें उत्तर दिलें.

नव्या करारांतील उदाहरण अधिक बोलकें आहे. मार्ककृत शुभवर्तमानाच्या शेवटच्या, म्हणजे सोळाव्या अध्यायांतील ९ ते २० हीं वचनें चौथ्या शतकांतील दोन सर्वांत प्रतिष्ठित प्रतींत नाहींत. तेथें तें पुस्तक रिकामी कबर पाहून भयभीत झालेल्या स्त्रियांपाशीं एकाएकीं थांबतें. असा शेवट कोणा नकलकारास अपुरा वाटला, आणि पुढील मजकूर जोडला गेला असें बहुतेक अभ्यासकांचें मत आहे. सोपा व गोड पाठ मागाहूनचा, अवघड पाठ मूळचा असण्याचा संभव अधिक, हा नियम येथें लागू पडतो. नाथांनीं शके १५०६ मध्यें ज्ञानेश्वरी शुद्ध केली, आणि पुढें कोणी तींत आपली ओवी घालील तर ती अमृताच्या ताटांत नरोटी ठेवल्यासारखी होईल असें बजावलें. बायबलच्या अखेरच्या पुस्तकाच्या शेवटींहि भर घालणारास व वगळणारास असाच धाक घातलेला आहे. ज्या अर्थीं धाक घालावा लागला, त्या अर्थीं भर पडत होती, हें दोन्हीकडे सारखेंच खरें.

हें साम्य योगायोगाचें नाहीं. पुण्याच्या भांडारकर संस्थेंत विष्णु सीताराम सुखटणकर यांनीं महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीस जी शिस्त लावली, तिच्या पूर्वजांत कार्ल लाखमान हा जर्मन पंडित येतो; आणि लाखमानच्या हातून १८३१ सालीं ग्रीक नव्या कराराची आवृत्ति निघाली होती. म्हणजे १९३३ सालीं पुरें झालेलें आदिपर्व ज्या हत्यारांनीं घडलें, त्यांतील कांहीं बायबलच्याच ऐरणीवर पाजळलेलीं आहेत. तीं हत्यारें आम्हीं आमच्या ग्रंथांसाठीं घेतलीं. तीं जेथें प्रथम चाललीं तेथें काय झालें हें जाणून घेण्यास संकोच कां वाटावा?

तिसरा पाठ ग्रंथाच्या थरांचा. उत्पत्तीच्या पुस्तकांत सृष्टिकथा दोनदां येते. पहिल्या कथेंत सर्व क्रम दिवसांच्या हिशेबानें चालतो आणि मनुष्य सर्वांच्या शेवटीं निर्माण होतो. दुसरींत मनुष्य मातीपासून आधीं घडतो, नंतर बाग, नंतर प्राणी, नंतर स्त्री. देवाचा नामनिर्देशहि दोन ठिकाणीं निराळा. या भेदावरून झां आस्त्रुक या फ्रेंच वैद्यानें १७५३ सालीं निरनिराळ्या मूळ लेखांचा तर्क मांडला. १८७८ मध्यें यूलियुस वेलहाउझेन यानें त्यास व्यवस्थित रूप दिलें. पुढें त्याच्या तपशिलांवर पुष्कळ वाद होऊन कित्येक भाग टाकले गेले, पण अनेक हातांची मूळ कल्पना टिकली. १७५३ सालींच रॉबर्ट लौथ याचीं हिब्रू काव्यावरील व्याख्यानें प्रसिद्ध झालीं. एकच भाव दोन चरणांत फिरवून मांडणें हा त्या काव्याचा प्राण, हें त्यानें दाखविलें. एकानें शिवण उसवून पाहिली, दुसऱ्यानें वस्त्राचें विणकाम पाहिलें. विसाव्या शतकांत एरिख आउअरबाख यानें १९४६ मध्यें व रॉबर्ट आल्टर यानें १९८१ मध्यें पुन्हा विणकामाकडे लक्ष वेधलें. ग्रंथ कोठून आला एवढ्यानें भागत नाहीं, हातीं असलेला ग्रंथ कसा बोलतो हेंहि पाहिलें पाहिजे, असा त्यांचा आग्रह. आमच्या मतें हे दोन मार्ग परस्परविरोधी नसून, एकावांचून दुसरा पांगळा आहे.

आतां चौथा पाठ, आणि आमच्या ओवीग्रंथांच्या दृष्टीनें सर्वांत महत्त्वाचा. ख्रिस्ताचें चरित्र बायबलांत एक नाहीं, चार आहेत. मत्तयाच्या जन्मकथेंत पूर्वेकडील ज्ञानी लोक येतात, मेंढपाळ नाहींत. लूकाच्या जन्मकथेंत मेंढपाळ येतात, ज्ञानी लोक नाहींत. मार्क व योहान जन्मकथा सांगतच नाहींत. क्रुसावरील सात वाक्यें म्हणून भाविकांत जीं प्रसिद्ध आहेत, तीं सातहि कोणत्याच एका पुस्तकांत नाहींत. मत्तय व मार्क यांत एकच, लूकांत तीन, योहानांत तीन, अशी ती बेरीज आहे. मार्काचा ख्रिस्त ‘देवानें मला कां सोडलें’ अशा अर्थाचा आक्रोश करून प्राण सोडतो. लूकाचा ख्रिस्त शांतपणें आत्मा पित्याच्या हवालीं करतो. योहानाचा ख्रिस्त कार्य पूर्ण झालें असें म्हणतो. हीं तीन चित्रें आहेत. त्यांची बेरीज केली म्हणजे चौथेंच चित्र होतें, आणि तें चारांपैकीं कोणीहि काढलेलें नाहीं.

बेरजेचा हा मोह फार जुना आहे. दुसऱ्या शतकांत ताशियान यानें चार शुभवर्तमानें ओवून एकच कथा तयार केली; सिरियाकडील मंडळ्यांत ती दीर्घकाळ वाचली जात असे. पांचव्या शतकांत थिओडोरेट या धर्माधिकाऱ्यानें तिच्या दोनशेंहून अधिक प्रती काढून घेऊन त्यांच्या जागीं चार निरनिराळीं पुस्तकें ठेवविलीं. वाचकांस एकसंध कथा हवी असते. इतिहासकारास मात्र चार साक्षीदार हवे असतात, आणि त्यांच्या साक्षी जुळत नसतील तर तें न जुळणेंहि हवें असतें.

ही कसोटी हातांत घेऊन आतां स्टीफन्सकडे वळूं. इंग्लंडांत १५४९ च्या सुमारास जन्मलेला हा जेझुइट पाद्री १५७९ सालीं गोव्यास आला आणि साष्टी प्रांतांत राहून १६१९ सालीं वारला. त्याचें ख्रिस्तपुराण १६१६ सालीं रायतूर येथें छापलें गेलें. १६४९ व १६५४ सालीं पुन्हा छापलें. सुमारें अकरा हजार ओव्यांचा हा ग्रंथ. पहिल्या पुराणांत सृष्टीपासून तारकाची वाट पाहण्यापर्यंतची कथा, दुसऱ्यांत ख्रिस्तचरित्र. कथेची चौकट अस्सल पौराणिक आहे: श्रोता प्रश्न करतो, गुरु सांगतो. ग्रंथाच्या आरंभींच एक ख्रिस्ती झालेला ब्राह्मण पाद्रीगुरूस विचारतो कीं, जुनीं पुराणें आम्हांस वर्ज्य झालीं, तर त्यांच्या जागीं वाचावयास काय देतां? या प्रश्नांत ग्रंथाचें बळ आहे आणि त्याच्या काळाचें दुःखहि आहे. गोमंतकांत सोळाव्या शतकांत देशी पोथ्या जप्त झाल्या, जाळल्या गेल्या. त्या काळच्या रोमन लिपींत उतरलेल्या रामायण-महाभारताच्या कांहीं कथा आज पोर्तुगालांतील ब्रागा येथील ग्रंथालयांत सांपडतात. पुढें १६८४ मध्यें तर देशी भाषेवरच हुकूम निघाला. ज्या मराठीची स्टीफन्सनें तोंड भरून स्तुति केली, तिच्या पोथ्यांची जागा रिकामी करूनच त्याच्या पुराणास जागा मिळाली होती. ख्रिस्तपुराणाची थोरवी सांगणारानें हें झांकूं नये. आणि हें सांगणारानें ग्रंथाची थोरवी नाकारूं नये.

वाङ्मयीन दृष्टीनें स्टीफन्सचें यश मोठें आहे. भाषांतर हें शब्दाचें करावयाचें नसून वाङ्मयप्रकाराचें करावयाचें, हें त्यास उमगलें होतें. मराठी श्रोत्याच्या कानांत पवित्र कथेचा जो ठेका बसलेला होता, तोच त्यानें उचलला. स्वर्गास ‘वैकुंठ’ म्हणण्यास तो कचरला नाहीं. परंतु पुराणाचा घाट स्वीकारतांच पुराणाचा स्वभावहि स्वीकारावा लागतो. पुराणास एकच सर्वज्ञ वक्ता असतो. त्यांत चार साक्षीदारांस स्थान नाहीं. म्हणून चार शुभवर्तमानें येथें एक झालीं. हिब्रू ग्रंथांचा स्वतंत्र आवाजहि पहिल्या पुराणांत पुढील कथेची प्रस्तावना होऊन बसला. ईयोबाचें गाऱ्हाणें किंवा रूथची कथा ज्यासाठीं स्वतःच्या पायांवर उभी आहे, तें या मांडणींत झांकलें जातें. रस मिळाला, साक्ष गेली. असा आमचा या ग्रंथाविषयींचा निर्णय आहे.

पाठाच्या दृष्टीनें मात्र ख्रिस्तपुराण स्वतःच बायबलच्या वाटेनें गेलें आहे. तीन वेळां छापलेल्या या ग्रंथाची त्या छापांपैकीं एकहि प्रत आज ज्ञात नाहीं. १९०७ सालीं मंगळुरास जोसेफ साल्ढाणा यांनीं हस्तलिखितांवरून रोमन लिपींत आवृत्ति काढली. १९५६ सालीं शांताराम बंडेलू यांनीं ग्रंथ देवनागरींत वाचकांपुढें आणला. दरम्यान विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकांत जस्टिन अॅबट यांनीं लंडनमधील मार्सडेन संग्रहांतील देवनागरी हस्तलिखिताकडे विद्वानांचें लक्ष वेधलें होतें, आणि मूळ पाठ तोच असें प्रतिपादिलें होतें. रोमन शाखेंत जेथें पोर्तुगीज वा लॅटिन धर्मशब्द येतात, तेथें देवनागरी शाखेंत पुष्कळदां संस्कृत वळणाचे शब्द आहेत. मूळचे कोणते? कवीनें संस्कृत शब्द योजिले आणि छापतांना धर्माधिकाऱ्यांच्या धाकानें परके शब्द घातले गेले, असें म्हणतां येईल. उलट, परके शब्द मूळचे असून मागाहून कोणी देशी वाचकांसाठीं ते गाळले, असेंहि म्हणतां येईल. अवघड पाठाचा नियम येथें दुसऱ्या तर्काकडे झुकतो, तर ग्रंथाचा एकंदर स्वभाव पहिल्याकडे. केवळ तर्कानें हा वाद मिटणार नाहीं. दोन्ही शाखांचे पाठभेद ओवीवार समोरासमोर ठेवणें हाच त्याचा मार्ग आहे, आणि तें काम करण्याची तालीम ज्ञानेश्वरी व महाभारत यांनीं मराठी पंडितांस पूर्वींच दिलेली आहे.

ख्रिस्तायनाची गोष्ट निराळी, आणि नाशिकच्या अभ्यासकांस अधिक उपयोगाची. टिळक १८९५ सालीं ख्रिस्ती झाले. पर्वतावरील प्रवचन वाचून त्यांचें मन वळूं लागलें हें सर्वश्रुत आहे. म्हणजे ते प्रथम वाचक होते, मग भक्त, मग कवि. तुकोबांच्या वाटेनें आपण ख्रिस्तापाशीं आलों अशी त्यांची धारणा होती, म्हणून ओवी-अभंग हा त्यांच्यापुरता उसना वेष नव्हता. १९१९ सालीं ते वारले तेव्हां ख्रिस्तायन अपुरें होतें. तें लक्ष्मीबाईंनीं पुरें केलें. येथेंहि चार साक्षीदारांचा एक वक्ता झाला आहे, आणि स्टीफन्सवरील आमचा आक्षेप येथेंहि लागू पडतो. परंतु हा ग्रंथ अभ्यासकाच्या हातीं एक दुर्मिळ साधन देतो. उत्पत्तीच्या पुस्तकांत दोन हात आहेत असें आम्ही अनुमानानें म्हणतों. ख्रिस्तायनांत दोन हात आहेत हें आम्हांस ठाऊक आहे. एक हात संस्कृत काव्यांत मुरलेल्या कवीचा. दुसरा, शाळेचें तोंड न पाहतां लिहावयास शिकलेल्या आणि ‘स्मृतिचित्रें’ लिहिणाऱ्या बाईचा. शब्दांची निवड, समासांचें प्रमाण, संवादाची ओढ, ओवीच्या शेवटच्या चरणाची मोड, एवढ्यांवरून ती शिवण सांपडते कीं नाहीं, हें पाहावें. सांपडली, तर आमच्या साधनांवरील विश्वास वाढेल. न सांपडली, तर तीन हजार वर्षांपूर्वींच्या शिवणी छातीठोकपणें दाखविणारांनीं थोडें नम्र व्हावें. ज्ञात उदाहरणावर कसोटी पारखून मग ती अज्ञातास लावावी, हा न्याय कोणत्याहि शास्त्रास मान्य आहे.

ओवीच्या मार्गास दुसरी बाजू आहे, आणि तीहि मराठींतच आहे. १८०५ सालीं सेरामपुराहून विल्यम केरी यांनीं पंडित वैजनाथ यांच्या साह्यानें मत्तयाचें मराठी भाषांतर काढलें, तेव्हांपासून गद्याची परंपरा सुरू झाली. तिची सर्वांत धाडसी पायरी पंडिता रमाबाईंची. संस्कृतांत ज्यांची विद्वत्ता काशी-कलकत्त्यापर्यंत गाजली, त्या बाईंनीं उतारवयांत हिब्रू व ग्रीक यांचा अभ्यास करून संपूर्ण बायबल साध्या मराठींत आणलें. त्या १९२२ सालीं वारल्या, आणि भाषांतर १९२४ सालीं बाहेर पडलें. जुन्या धर्मकल्पनांनीं भारलेले संस्कृत शब्द त्यांनीं हेतुपुरःसर टाळले. स्टीफन्सनें ‘वैकुंठ’ स्वीकारला तो ज्या कारणासाठीं, त्याच कारणासाठीं रमाबाई तसल्या शब्दांपासून दूर राहिल्या. कारण शब्द आपला अर्थ बरोबर घेऊन येतो, हें दोघांसहि ठाऊक होतें. त्यांच्या गद्यांत ओवीचा रस नाहीं. पण चार साक्षीदार चार राहिले आहेत. ओवी आणि गद्य शेजारीं ठेवून वाचणारासच मराठी बायबलाचें पुरतें दर्शन घडेल, असें आम्हांस वाटतें.

या प्रकारच्या अभ्यासावर दोन बाजूंनीं आक्षेप येतो. भाविक म्हणतो, चिकित्सेनें श्रद्धा ढळेल. आमचे कांहीं इतिहासप्रेमी म्हणतात, हें मिशनरी वाङ्मय, त्याची उठाठेव आम्हीं कां करावी? पहिल्यास आमचें उत्तर असें कीं, नाथांनीं ज्ञानेश्वरी शुद्ध केली म्हणून कोणाची ज्ञानदेवांवरील श्रद्धा उणी झाली नाहीं. दुसऱ्यास उत्तर असें कीं, पोथी कोणत्या देवाची हें पाहून संग्राहक दप्तर सोडूं लागला, तर ज्या अधिकाऱ्यांनीं गोव्यांत मराठी पोथ्या जाळल्या त्यांच्याहून त्याची दृष्टि फारशी निराळी नाहीं.

शेवटीं संग्राहकांस एक विनंति. शरणपूर, अहमदनगर, वसई, साष्टी, मंगळूर येथील जुन्या ख्रिस्ती कुटुंबांत हाताने उतरलेलीं भजनें, प्रार्थनांच्या वह्या, पुराणांचे सुटे अवस्वर, समासांत टिपा केलेल्या छापील प्रती असण्याचा संभव आहे. तीं मिळालीं तर लिपि कोणती, कागद कोणता, धर्मशब्द देशी कीं परके, आणि समासांत कोणाचे हस्ताक्षर, एवढें टिपून ठेवावें. ख्रिस्तपुराण तीन वेळां छापलें गेलें आणि त्या छापाचें एक पानहि हातीं उरलें नाहीं. हस्तलिखितांनीं तें वांचविलें. छापलेलें तेवढें टिकतें असें समजून आम्ही ज्या वह्या बाजूस सारतों, त्यांतच उद्यांचा मूळ पाठ असूं शकतो. इत्यलम्.